शनिवारी सेवाग्राम, सोमवारी भंगारवाला

आमच्या घरातल्या एका खोलीचं दार कधीच पूर्ण उघडत नसे. अर्धं उघडलं की आतल्या ट्रेडमिलला अडायचं. मग आडवं होऊन, श्वास रोखून आत शिरायचं आणि हवी ती वस्तू शोधायची. ती सापडली नाही (आणि ती सापडत नाहीच) की फोन काढून नवी मागवायची. चार दिवसांनी जुनी सापडली की दोन्ही तिथेच, शेजारी-शेजारी. अशा तऱ्हेनं आमच्याकडे तीन एक्स्टेन्शन बोर्ड, दोन ड्रिल मशिन्स आणि अकरा पाण्याच्या बाटल्या जमल्या होत्या. राहणारी माणसं दोन. काय, ओळखीचं वाटतंय ना?

ठाण्याला घोडबंदर रोडवर आमचा फ्लॅट आहे. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये टू बीएचके, प्रत्यक्षात वन बीएचके आणि एक गोडाऊन. ही छोटी खोली नऊ बाय दहाची, म्हणजे ९० चौरस फूट. आम्ही घर घेतलं ते ११ हजार रुपये फुटाच्या भावानं. करा गुणाकार. रिकाम्या खोक्यांना राहायला आम्ही ९ लाख ९० हजारांची खोली घेऊन दिली होती आणि तिचा हप्ताही भरत होतो! खोकी म्हणजे टीव्हीचं, मिक्सरचं, दोन लॅपटॉपची. 'वॉरंटीत लागतील' म्हणून ठेवलेली. टीव्हीची वॉरंटी कधीच संपली होती, खोक्याची काही संपेना.

हे सगळं गमतीत चाललं होतं, आईच्या गुडघ्यापर्यंत.

आई वर्ध्याला असते, एकटी. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तिचा उजवा गुडघा पार झिजलाय, बदलावाच लागेल असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. वर्ध्यात, सेवाग्रामला हॉस्पिटलं चांगली आहेत, प्रश्न ऑपरेशनचा नव्हताच. प्रश्न नंतरच्या तीन महिन्यांचा. मी एकुलती एक, तीन महिने रजा मला कोण देणार? म्हणून ऑपरेशन ठाण्यात करायचं ठरवलं. म्हणजे मी ठरवलं. आई फोनवर नुसती 'बघू' म्हणायची. मग 'गोळीनं बरं वाटून राहिलं'. मग 'उन्हाळा जाऊ दे'. ऑपरेशनला घाबरतेय, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, स्वाभाविक आहे. आणि तो त्याच्या अमेरिकेच्या कॉलवर गेला. हा कॉल रोज रात्री साडेनऊला, आमच्या हॉलमधल्या डायनिंग टेबलवर असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिनं हो म्हणायच्या आधीच मी खोली आवरायचं मनावर घेतलं. आणि पहिलं काम काय केलं असेल? खरेदी! घर आवरायचे व्हिडिओ बघून बघून आठ पारदर्शक डबे, वेताच्या चार टोपल्या आणि एक लेबल छापायचं मशिन मागवलं. डबे आले ते त्याच खोलीत गेले. दार आता अर्ध्याऐवजी पाऊणच अर्धं उघडायला लागलं. ज्या मारी कोंडोच्या पुस्तकावरून जगभर ही आवराआवरीची साथ आली, तिनं स्वतः २०२३ मध्ये सांगून टाकलं, की तिसऱ्या मुलानंतर घर आवरण्याचा नाद आपण बराचसा सोडलाय. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण त्यानं दार उघडणार नव्हतं.

शेवटी एका शुक्रवारी ऑफिसमधून थेट विदर्भ एक्स्प्रेस गाठली. आईला समोर बसून पटवायचं, असा बेत. सकाळी वर्ध्याला उतरले, घरी पोचले, चहा झाला आणि मी रिपोर्टची फाइल काढणार एवढ्यात आई म्हणाली, "फाइल राहू दे. चल, आश्रमात जाऊन येऊ."

वर्ध्याच्या मुलीला सेवाग्राम म्हणजे काय? दर २ ऑक्टोबरची सहल. रांग, पांढरा युनिफॉर्म, डब्यातला पोळीचा लाडू. त्यात माझी आई शाळेत शिक्षिका, त्यामुळे मला तर ही सहल घरबसल्याही व्हायची. बाहेरगावी शिकायला गेल्यावर मी आश्रमात पाऊलही टाकलं नव्हतं. मुंबईचे मित्र 'तुमच्या गावाला बघण्यासारखं काय?' विचारायचे तेव्हा मी गोरसपाकाचं नाव सांगायची. (ते चुकीचं नाही. वर्ध्याहून येताना गोरसपाक न आणणाऱ्याला आमच्या ऑफिसात जागा नाही.)

वर्धा स्टेशनपासून आश्रम आठ किलोमीटर. ऑटो जाते. आईला ऑटोत चढायला दोन मिनिटं लागली, उतरायला त्याहून जास्त. मी हात दिला तर तिनं आधी पर्स दिली, मग हात.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलमध्ये इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. पुढे गजानन महाराजांच्या शेगावात इकडची टपाल जायला लागली, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. जगातल्या बड्या बड्या माणसांची पत्रं शेगावच्या पोस्टात फिरतायत, हे चित्र मला लहानपणापासून आवडतं. गांधीजी तेव्हा सहासष्ट वर्षांचे. राहायला घर हवं, पण अट अशी, की खर्च शंभर रुपयांच्या वर नको आणि सामान नि हात आसपासचेच हवेत. माती, बांबू, लाकूड, वर कवेलू. लॉरी बेकर हा ब्रिटिश आर्किटेक्ट पुढे आयुष्यभर सांगायचा, की गांधीजींनी त्याला म्हटलं होतं, आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातूनच उभं राहावं. माझ्या ९० चौरस फुटांतल्या बाटल्या चीनहून आल्या होत्या, ते असो.

पहिलं घर ते आदिनिवास. तिथे इतकी माणसं जमायला लागली, की गांधीजी मग मीराबेननी स्वतःसाठी बांधलेल्या झोपडीत गेले. मीराबेन म्हणजे मूळच्या मॅडलिन स्लेड, ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी. तीच आज बापू कुटी. भिंतीवर मातीतूनच उठवलेली ताडाची झाडं आहेत, मोर आहे, ॐ आहे. सगळं मीराबेनच्या हातचं. फ्रेम नाही, स्पॉटलाइट नाही. शाळेत असताना ही झाडं मला बाळबोध वाटायची. आता इतकी वर्षं 'वॉल टेक्स्चर'चे कॅटलॉग पाहिल्यावर त्यांच्यासमोर मी चांगली पाच मिनिटं उभी राहिले.

चपला बाहेर. आत पाऊल टाकलं की डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही, कारण बाहेर वर्ध्याचं ऊन असतं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, आणि जाड मातीच्या भिंतींच्या आत गारवा टिकून राहतो. मग हळूहळू दिसायला लागतं. सारवलेली जमीन, चटई, एका बाजूला गादी, मागे टेकायला फळी, बसून लिहायचं ठेंगणं डेस्क, चरखा, ती तीन माकडं. बस. या खोलीत बसून देशाचं राजकारण चाललं, व्हाइसरॉयला बोलता यावं म्हणून इंग्रज सरकारनं आश्रमात खास टेलिफोन बसवून दिला. तो अजून आहे ऑफिसात, आणि त्याच्यासोबत साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजराही. साप मारायचा नाही, पकडून लांब नेऊन सोडायचा. शाळेत आम्हा मुलांचा सगळा इंटरेस्ट त्या चिमट्यात. मला विचाराल तर ती जागा अजूनही बेस्ट आहे.

आता मजा ऐका. इतक्या कमी वस्तू, तरी त्यांच्यामागे लोक लागलेच. इथला चष्मा चोरीला गेल्याची बातमी २०११ मध्ये बाहेर आली. त्याआधी २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, घड्याळ, चपला, वाटी आणि ताट लिलावात निघालं, आणि विजय मल्ल्यांनी ते १८ लाख डॉलर्सना घेतलं. माझ्या खोलीतलं सगळं सामान लिलावात काढलं, तर रद्दीवालाही भाव पाडून मागेल.

मी हे सगळं बघत होते तेव्हा आई बाहेर ओसरीवर होती. तिला आता खाली बसता येत नाही, म्हणून ती ओसरीच्या कडेला खांबाला टेकून बसली होती, पाय खाली सोडून. मी बाहेर आले तर म्हणाली, "काय मोजलं?"

ही तिची जुनी परीक्षा. दर सहलीला ती मुलांना सांगायची, कुटीत वस्तू मोजू नका, जागा मोजा. ही कल्पना मुळात इव्हान इलिच यांची. व्हिएन्नात जन्मलेले हे विचारवंत जानेवारी १९७८ मध्ये एका परिषदेसाठी सेवाग्रामला आले होते. पहाटे चारला कुटीत प्रार्थनेला बसले आणि नंतर भाषणात त्यांनी सांगितलं, की या झोपडीत सात प्रकारच्या जागा आहेत. पहिली, दाराशी, चपला काढून मनानंही आत यायची तयारी करायची. दुसरी मधली मोठी खोली, कुणीही येऊन बसावं अशी. तिसरी, गांधीजींची स्वतःची काम करायची. मग एक पाहुण्यांची, एक आजाऱ्यांची. एक उघडी ओसरी. आणि एक ऐसपैस न्हाणीघर. आईनं ते भाषण कुठेतरी वाचलं आणि पुढे सगळी वर्षं मुलांना कामाला लावलं. चौथीत असताना मी नऊ जागा मोजल्या होत्या, कारण खारीची आणि कावळ्याची धरली होती. तिनं तेव्हा मला शाबासकी दिली होती.

"सात," मी म्हटलं.

"हं," आई म्हणाली. थोडा वेळ काहीच बोलली नाही. समोर एक शाळेची रांग चालली होती. मग त्या रांगेकडेच बघत तिनं विचारलं, "तुझ्याकडे मी नेमकी कुठे असणार आहे?"

मी तोंड उघडलं आणि मला काही सुचेना.

गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. हॉलमध्ये सोफा-कम-बेड उघडून दिला होता तिला. रात्री साडेनवाचा कॉल सुरू झाला की ती पांघरूण डोक्यावर घेऊन झोपल्याचं सोंग करायची, जावयाला संकोच नको म्हणून. सकाळी आमच्या आधी उठून तो सोफा घडी करून ठेवायची, झिजल्या गुडघ्यानं. तिची बॅग डायनिंग टेबलाखाली होती. चौथ्या दिवशी 'तुळशीला पाणी कोण घालेल' म्हणून परत गेली. तुळशीला पाणी शेजारच्या काकू घालत होत्या, ते मला माहीत होतं. मी तेव्हा तिला थांब म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला हुश्श झालं होतं. हे लिहिताना कसंतरीच होतंय, पण झालं होतं.

"तुझी अडचण नको, बाई," आई म्हणाली. चिडून नाही. वर्गात एखादं गणित सुटत नाही असं सांगावं, तसं.

ऑपरेशनला ती घाबरत नव्हती. तिला जागा दिसत नव्हती.

त्या दिवशी आम्ही तिथेच रेंगाळलो. आजाऱ्यांच्या खोलीपाशी आई मला पुन्हा घेऊन गेली. गांधीजींना शुश्रूषेचा भारी नाद. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगानं आजारी होऊन आश्रमात आले तेव्हा गांधीजी स्वतः त्यांची मालिश करत. परचुरे कुटीही आवारात आहे, बहुतेक टूरिस्ट तिच्यावरून सरळ पुढे जातात. जाऊ नका. आणि न्हाणीघर बघा. तिथे टब आहे, मालिशचं टेबल आहे. झोपडी मातीची, पण म्हाताऱ्या, आजारी शरीराला जे लागतं ते तिथे होतं आणि भरपूर जागा देऊन होतं. इलिच यांनी त्या भाषणात घरातल्या सुखसोयींना कुबड्या म्हटलंय. जितक्या जास्त तितकं माणूस परावलंबी. हे वाचायला छान आहे, पण आईला तीन महिने खरोखरच वॉकर लागणार होता. कुबड्यांना नावं ठेवायची असतील, तर आधी गुडघे धड हवेत. मला वाटतं, फरक एवढाच, की त्या न्हाणीघरातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी अंगाला लागत होती. माझा ट्रेडमिल माझ्या अंगाला शेवटचा लागला तो दारातून आत शिरताना, करंगळीला.

आणखी एक. साधं राहणं फुकटात होतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बापूंना गरिबीत ठेवायला किती खर्च येतो, हा सरोजिनी नायडूंचा विनोद प्रसिद्धच आहे. मातीचं घर दर वर्षी सारवावं-लिंपावं लागतं, पावसाळ्याआधी कवेलू बघावी लागतात. गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये इथून दिल्लीला गेले ते परत आलेच नाहीत. म्हणजे ज्याचं घर तो दहाच वर्षं राहिला आणि नंतरच्या आठ दशकांत ते घर कितीतरी लोकांनी हातानं जिवंत ठेवलंय. मोकळं दिसणारं घर हे रोजचं काम असतं, आणि ते कुणीतरी करत असतं.

संध्याकाळी प्रार्थना असते, उघड्यावर, पिंपळाच्या बाजूच्या मैदानात. तो पिंपळ गांधीजींनी लावलेला. आईसाठी एका कार्यकर्त्यानं न सांगता खुर्ची आणून ठेवली. सगळे खाली, आई खुर्चीवर, आणि कुणालाच त्याचं काही नाही. ती दहा मिनिटं मला फार आवडली. (जायचा बेत असेल तर आश्रमासमोर यात्री निवास आहे, तिथे राहता येतं. रूम सर्व्हिस विसरा. मे महिना टाळा. पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम जवळच आहे. आणि वर्धा शहरातल्या मगन संग्रहालयात खादी बघायची असेल तर पाकीट सांभाळा. मी तिथून पडद्यांचं कापड घेतलं. आधी खिडकी तरी दिसू दे, आई म्हणाली.)

रविवारी रात्रीच्या गाडीनं निघताना मी तिला सांगितलं, "पंधरा दिवस दे. मग मामासोबत ये. नाही आवडलं तर ऑपरेशन कॅन्सल." आई 'बघू' म्हणाली. पण या वेळचा 'बघू' जरा वेगळा होता.

सोमवारी सकाळी ऑफिसला 'वर्क फ्रॉम होम' कळवून मी भंगारवाल्याला फोन केला.

पुढचे पंधरा दिवस काय झालं, त्याचं ग्लॅमरस वर्णन करता येणार नाही. मी एकच केलं. वस्तू मोजल्या नाहीत. वॉकर भाड्यानं आणला आणि तो घेऊन घरभर फिरले. बेडपासून बाथरूमपर्यंत, बाथरूमपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून हॉलपर्यंत. जिथे अडला तिथली वस्तू हलवायची. चपलांचा रॅक अडला. पॅसेजमधला कोरडी फुलं ठेवलेला पितळी हंडा अडला. बाथरूमच्या दारातला गालिचा अडला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, सुटे गालिचे आणि जमिनीवरच्या वायरी काढा, ऑपरेशननंतर पडलं तर महागात पडेल. तो गालिचा आम्ही काश्मीरहून हौसेनं आणला होता. गुंडाळून ठेवावा असं आधी वाटलं, मग मुंबईतल्या नणंदेला देऊन टाकला. तिच्याकडे तो भिंतीवर आहे आणि खरं तर तिथेच तो छान दिसतो.

ट्रेडमिल सोसायटीच्या जिमनं घेतला, फुकट, आणि वर उचलून न्यायचे पैसे आमच्याकडून. वायरी, बंद पडलेले फोन, दोन लॅपटॉप ई-वेस्टवाल्यांकडे. कपड्यांसाठी मला आमच्या वर्ध्याच्या वाड्यात येणारी बोहारीण आठवली, जुन्या साडीवर स्टीलचं पातेलं देणारी. घोडबंदरच्या टॉवरमध्ये तिला वॉचमन गेटवरच अडवेल. शेवटी आमच्या कामाच्या मावशींना विचारलं. त्यांनी जे हवं ते घेतलं आणि जे नको त्याला स्पष्ट नाही म्हटलं. "ताई, ब्रेडमेकर घेऊन मी काय करू? ठेवायला जागा कुठंय?" माझ्यापेक्षा मावशींना केव्हाचं कळत होतं.

नवऱ्याशी एकच भांडण झालं, गिटारवरून. त्यानं ती कॉलेजनंतर वाजवली नव्हती. मी म्हटलं, द्यायची. तो म्हणाला, नाही. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्यानं ती काढून पुसली, तारा बदलल्या आणि वाजवायला लागला. वाईट वाजवतो, पण वाजवतो. गिटार राहिली. मी चुकलेही. टेप लावलेलं एक छोटं खोकं न बघता भंगारात दिलं, त्यात गिझरचं बिल आणि वॉरंटी कार्ड होतं. गिझर पुढच्याच महिन्यात बिघडला. टीव्हीचं रिकामं खोकं सहा वर्षं जपलं, आणि ज्याची वॉरंटी होती तेच फेकलं!

शेवटचं राहिलं ते बाबांचं खोकं. बाबा गेल्यावर वर्ध्याहून मी आणलं होतं. शर्ट, दाढीचं सामान, डायऱ्या, ऑफिसचा मफलर. दोन वर्षं मी त्याची टेप काढली नव्हती. ते मी हलवलंच नाही. खोली रिकामी झाली, भिंतीला रंग झाला, मधोमध ते एक खोकं.

आई आली. मामानं बॅग आणली, एकच बॅग. दार पूर्ण उघडलं, भिंतीला लागलं, त्याचा आवाज झाला. मलाही तो नवीन होता. खोलीत बेड होता, तिला वाकावं लागू नये इतक्या उंचीचा. हाताची खुर्ची होती, खिडकीला वर्ध्याच्या खादीचे पडदे होते. खिडकीतून झाडं दिसतात हे मला आणि नवऱ्याला त्याच आठवड्यात कळलं होतं. आई खुर्चीत बसली आणि तिचं लक्ष खोक्याकडे गेलं.

"हे काहून आणलं तू?"

"बाबांचं आहे."

"मला माहीत आहे बाबांचं आहे. मीच बांधलं होतं ते, द्यायला. मग कुठे गेलं, कळेना." ती हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली, मग पुन्हा हसली. टेप तिनंच काढली. शर्ट एकेक करून घडी मोडून बघितले, परत घडी घातली. "हे दे. हेही दे. कुणी घालेल तर घालू दे." डायऱ्या ठेवल्या. मफलर मी ठेवला. खोकं दुपारपर्यंत रिकामं झालं, आणि नवरा सवयीनं म्हणाला, "खोकं चांगलं आहे, ठेवू या का?" आम्ही दोघींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

ऑपरेशन नीट झालं. आता सहावा आठवडा आहे. घर काही मासिकातल्यासारखं झालेलं नाही. डायनिंग टेबलवर कुरिअरची पाकिटं पडतातच, आणि परवा नवऱ्यानं 'ऑफर होती' म्हणून आणखी एक पाण्याची बाटली आणली. रात्रीचा कॉल अजूनही हॉलमध्ये असतो, पण आता आई आपल्या खोलीत दार लावून फोनवर वर्ध्याच्या मैत्रिणींशी बोलत असते. कधीकधी इतक्या मोठ्यानं, की नवऱ्यालाच कॉल म्यूट करावा लागतो. मावशी फडकं मारायला आल्या की आधी तिच्या खोलीत जातात, दहा मिनिटं तिथेच गप्पा. ऑफिसातून आल्यावर मीही पहिली तिथेच जाऊन बेडच्या कडेला बसते, आणि मग थोड्या वेळानं नवराही येतो, उभा राहतो, दाराला टेकून.

काल संध्याकाळी ती वॉकर घेऊन खिडकीपर्यंत गेली, परत आली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, दुखतंय.

"इथं एक खिळा ठोकून देशील का?" तिनं विचारलं. "कालनिर्णय लावायचं आहे."